सतरा साड्यांची यादी

खारघरच्या सेक्टर चारमध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे ‘निफ्ट’चे मुंबई केंद्र आहे. स्टेशनकडे जाताना त्या बाजूने गेले की तेथील विद्यार्थी दिसतात. एके सकाळी रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी उभी होती. तिच्या अंगात चोळीच्या खणाचे जाकीट होते, खाली साधी निळी जीन्स, आणि एका पायात पिवळा तर दुसऱ्या पायात हिरवा मोजा. मी न राहवून म्हणालो, “बाळ, मोजे वेगवेगळे झालेत.” ती हसली आणि म्हणाली, “काका, मुद्दाम घातलेत. घरी असाच दुसरा जोड आहे.”

मी घरी येईपर्यंत त्या उत्तराचा विचार करीत होतो. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ताळा न जुळणारी गोष्ट दिसली की अस्वस्थ व्हायला होते. येथे तर न जुळणे हाच आनंदाचा भाग होता. शिवाय ते जाकीट ज्या कापडाचे होते, ते गुळेदगुड्ड्याचे खण आमच्या जयसिंगपूरच्या दुकानात गठ्ठ्यांनी येत असत. वडील ते उलगडून दाखवीत आणि मी फळीवर बसून काठांचे रंग मोजत असे. पुढे शिकलो, एम.कॉम. झालो, एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो आणि रंग मोजणे सोडून नोटा मोजू लागलो.

बँकेतल्या माझ्या पोशाखाचे वर्णन एका ओळीत संपते: पांढरा सदरा, करडी पँट, काळे बूट. पांढऱ्याचा कंटाळा आला तर फिकट निळा. २०१८ साली निवृत्त झालो तेव्हा कपाटात असे चौदा सदरे होते. पुढच्याच वर्षी पत्नी गेली. त्यानंतर काही काळ मी कोणता सदरा घालतो, घालतो की नाही, याचेही भान नव्हते. पासष्टाव्या वाढदिवसाला नातीने एक पुडके हातात ठेवले. उघडले तर आत कच्च्या कैरीलाही लाजवील असा पोपटी सदरा. मी म्हणालो, “हा तुझ्या बाबाला दे.” ती म्हणाली, “बाबाला शोभणार नाही, तुमचे केस पांढरे आहेत.”

तिच्या त्या शेऱ्यात रंगशास्त्र होते, हे मला पुढे कळले. पहिल्या दिवशी तो सदरा घालून सेंट्रल पार्कमध्ये फिरायला गेलो, तर मित्रमंडळींनी सिग्नल सुटला म्हणून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाने हळूच दुकानाचे नाव विचारले. हळूहळू मला त्यात गोडी वाटू लागली. पोपटीखाली करडी पँट चालते, पण मातकट तपकिरी अधिक खुलते. एक रंग बोलका असला की बाकीच्यांनी ऐकून घ्यावे. तांबूस कुडत्यावर निळा रुमाल खिशातून बोटभर डोकावू द्यावा. पावसाळ्यात खारघरचे डोंगर हिरवे होतात आणि पांडवकड्याची पांढरी रेघ दिसू लागते, तेव्हा पिवळा सदरा घालावा. ही माझी निरीक्षणे कोणत्याही पुस्तकातली नाहीत. आरशापुढे पाच मिनिटे अधिक उभे राहून मिळवलेली आहेत.

पुरुषाने इतका बेरंग का राहावे, याचा शोध घेताना एक नाव सापडले. जे. सी. फ्लूगेल या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञाने १९३० साली कपड्यांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पुरुषांनी रंग, भरतकाम, झालरी यांचा त्याग केला आणि नटण्याचा सारा हक्क स्त्रियांकडे सोपवला, असे त्याचे म्हणणे. ती करडी प्रथा पुढे कचेरीबरोबर आपल्याकडे आली. तत्पूर्वी आपले वाडवडील असे नव्हते. आमचे घराणे मारवाडातून आलेले. तेथे पुरुषाच्या डोक्यावरच्या पागेवरून ऋतू ओळखता येई. श्रावणात लहरिया, फाल्गुनात फागणिया. कोल्हापूरकडचा फेटा तर अजूनही कोणत्याच रंगाला घाबरत नाही. कचेरीची भीती मात्र टिकून आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढले, त्यात गडद रंगाचे आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, असे बजावले होते. मी तेव्हा नोकरीत असतो तर त्या परिपत्रकाखाली आनंदाने सही केली असती.

या मासिकाचे वाचक येथे एक प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे. अपरिग्रह मानणाऱ्या माणसाने या वयात नटावे काय? मीही तो स्वतःला विचारला. आपल्या श्रावकांच्या चौदा नियमांत वस्त्राचा नियम आहे. आज किती वस्त्रे वापरीन, याची मर्यादा सकाळीच ठरवायची. त्यात मोजायची ती संख्या. रंगाबद्दल तो नियम काही बोलत नाही. म्हणून मी जमाखर्च मांडला. चौदा पांढऱ्या सदऱ्यांपैकी दहा देऊन टाकले, सहा रंगीत घेतले. आज कपाटात दहा आहेत आणि दहाही वापरात आहेत. पूर्वीच्या चौदांपैकी निम्मे ‘अनुत्पादित’ होते, हे बँकवाल्याने कबूल केले पाहिजे.

रंगांशी आपले वैरही नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, १९७४-७५ साली, सर्व पंथांनी मिळून स्वीकारलेला ध्वज पाच रंगांचा आहे. पांढरा अरिहंतांचा, लाल सिद्धांचा, पिवळा आचार्यांचा, हिरवा उपाध्यायांचा आणि काळा किंवा गडद निळा साधूंचा. अश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपदांची ओळी चालते, तेव्हा आयंबिलाच्या ताटातही हेच रंग एकेक दिवस येतात. पहिल्या दिवशी तांदूळ, मग गहू, मग हरभरा, मग मूग, मग उडीद, आणि उरलेले चार दिवस पुन्हा तांदूळ. जिथे तूप नाही, मीठ-मसाला नाही, त्या ताटातसुद्धा रंग आहे. माझी आई ओळी करीत असे, तेव्हा आम्ही मुले सकाळी विचारायचो, “बाई, आज कोणता रंग?”

हाच प्रश्न पुढे बँकेत दुसऱ्या रूपाने कानावर आला. २००३-०४ च्या सुमारास ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्रात दिवसागणिक रंग जाहीर करायला सुरुवात केली आणि बघता बघता लोकल, शाळा, कचेऱ्या त्या रंगांत न्हाऊन निघू लागल्या. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा. पोथीत याला आधार नाही. वृत्तपत्राने रुजवलेला तो एक खेळ आहे. परंतु त्या नऊ दिवसांत शिपाईबाईपासून मुख्य व्यवस्थापक बाईंपर्यंत साऱ्या एका रंगात येत, एकत्र फोटो काढीत, आणि काउंटरवरच्या ग्राहकाचा स्वरही मवाळ होई. मी शाखाधिकारी होतो. प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, नंतर रंगांचा तक्ता सूचनाफलकावर लावायची परवानगी दिली.

आमच्या शाखेत अनुकंपा तत्त्वावर लागलेली एक तरुण लिपिक होती. पतीच्या जागी आलेली. पहिल्या वर्षी ती नवरात्रभर राखाडी पंजाबी ड्रेस घालून फोटोच्या बाहेर उभी राहिली. दुसऱ्या वर्षी मंगळवारी सकाळी ती दारातून आत आली ती लालभडक साडीत. क्षणभर शाखेत शांतता झाली आणि मग बायकांनी तिला ओढून फोटोच्या मध्यभागी उभे केले. मी केबिनच्या काचेतून पाहत होतो. त्या क्षणी मला माझ्या थोरल्या बहिणीची, जिजीची आठवण झाली. आठवण झाली, आणि मी पुढच्या कर्जप्रकरणाची फाईल उघडली.

जिजी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला कुरुंदवाडला दिलेली. घरात भुसार मालाचे दुकान. १९९१ साली जिजाजी हृदयविकाराने अचानक गेले, तेव्हा ती सदतीस वर्षांची होती आणि पदरात दोन मुले. त्या काळच्या आमच्या रिवाजाप्रमाणे तिला सहा महिने घराच्या एका खोलीत बसावे लागले. तेराव्या-चौदाव्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले की तिच्या रंगीत साड्या आता नणंदा-जावांत वाटून टाकाव्यात. वाटणीत पुढे वाद नको म्हणून कोणीतरी यादी करावी. बँकेतला भाऊ आलाच होता.

ती यादी मी केली. कपाटातून एकेक साडी बाहेर येत होती आणि मी नव्या डायरीच्या पानावर अनुक्रमांक, वर्णन, शेरा असे रकाने आखून लिहीत होतो. जिजी दाराशी भिंतीला टेकून बसली होती. मला काय वाटत होते? खरे सांगायचे तर मी मदत करतो आहे असे वाटत होते. अक्षर वळणदार काढले होते. खाली एकूण सतरा लिहून दोन रेघा मारल्या आणि सही केली. मला कोणी दुष्ट म्हणणार नाही. घरात कोणीच दुष्ट नव्हते. सगळ्यांनी नीट, शांतपणे, हिशेबाने ते काम केले.

त्यानंतर जिजीच्या अंगावर बदामी, राखी, मोतिया एवढेच रंग राहिले. तिने दुकान सांभाळले, मुलांना शिकवले, मुलाला दुकानात उभे केले. लोक तिचे कौतुक करीत. तिच्या साडीबद्दल मात्र कोणी बोलत नसे, कारण त्यात बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते.

मे २०२२ मध्ये वर्तमानपत्रात हेरवाडचे नाव वाचले. कुरुंदवाडच्या शेजारचे, शिरोळ तालुक्यातले गाव. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या त्या दिवसांत हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असे परिपत्रक काढले. मी जिजीला उत्साहाने फोन केला. ती म्हणाली, “वाचलं. चांगलं झालं.” मग तिने विचारले, “तुझा पोपटी सदरा कसा आहे? नातीने फोटो पाठवला होता.” नाही, येथे माझी स्मृती घटना जुळवून घेते आहे, पोपटी सदरा त्यानंतर आला आणि तिचा तो प्रश्नही त्यानंतरचा. परंतु माझ्या मनात ते दोन्ही फोन एकमेकांना चिकटले आहेत, कारण त्या प्रश्नाने मी निरुत्तर झालो होतो. मीही जोडीदार गमावलेला माणूस. पत्नी गेल्यावर महिन्याभरात नातेवाईक म्हणाले होते, “मन रमव, हिंड, फिर, चार चांगले कपडे कर.” माझ्या कपाटाची यादी कोणी केली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात जिजी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे खारघरला आली. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळसर, गढूळ होत जाते. निळ्या-जांभळ्या छटा आधी मंदावतात आणि हे इतक्या सावकाश घडते की माणसाला पत्ता लागत नाही. भिंग बदलले की रंग एकदम उजळतात. डॉक्टरांनी हे सांगितले होते, तरी दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर तिचा चेहरा पाहून मी चकित झालो. ती खिडकीतून आकाश पाहत राहिली. मग माझ्या सदऱ्याकडे वळून म्हणाली, “अरे, हा असा आहे होय! मी समजत होते शेवाळी आहे.” मग तिने स्वतःच्या साडीचा पदर डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि सोडून दिला. काही बोलली नाही.

त्या रात्री मी जुन्या डायऱ्यांचा खोका काढला. १९९१ ची डायरी मिळाली. दोन दिवस ती डायरी मी उशाखाली ठेवून झोपलो. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिच्यापुढे ते पान उघडून ठेवले आणि म्हणालो, “जिजी, हे मी केलं होतं. मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, तेव्हाही मी गप्प बसलो.”

तिने चष्मा न लावता वाचायला सुरुवात केली. नव्या डोळ्याचा तिला अभिमान होता. बोट एकेका ओळीवरून सरकत होते. नवव्या ओळीवर ते थांबले. तेथे मी लिहिले होते: ‘इरकल, सुती, हिरवी, पदर लाल.’

“ही हिरवी नव्हती,” ती म्हणाली. “मोरपिशी होती. तुला तेव्हाही रंग कळत नव्हते.”

मी हसलो, ती हसली, आणि मग दोघांनाही हसता येईना.

थोड्या वेळाने मी उठून पत्नीचे कपाट उघडले. तिच्या साड्या मी अजून तशाच ठेवल्या आहेत. म्हणालो, “यातल्या तुला हव्या त्या घे.” जिजीने मान हलवली. “दुसरीच्या मला देऊ नकोस. माझ्या दुसऱ्यांना दिल्या, तेव्हा मला कसं वाटलं ते मला ठाऊक आहे. मला हवी असेल तर मी माझी घेईन. माझ्या पैशाने.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि हवी असेल तर, बरं का. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी लाल नेसणार नाही.”

हे वाक्य मी वाचकांपुढे मुद्दाम जसेच्या तसे ठेवतो. साध्वीजींच्या अंगावरचे पांढरे वस्त्र पाहून आपण हात जोडतो, कारण ते त्यांनी स्वतः मागून घेतलेले असते. त्याग घेतला तरच तो त्याग. दुसऱ्याने काढून नेले त्याला जप्ती म्हणतात, आणि जप्तीची यादी कशी करतात, हे मला चांगले ठाऊक आहे. तसेच रंगही कोणी अंगावर लादला, तर तीही सक्तीच होईल. जिजीला साडी देणे हे माझे काम नव्हतेच. तिला विचारणे हे माझे काम होते, आणि त्याला मी तीस वर्षांहून अधिक उशीर केला.

डोळा बरा झाल्यावर एके दुपारी तीच म्हणाली, “चल, पनवेलला जाऊ.” बाजारातल्या एका दुकानात गादीवर बसलो. विक्रेत्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि आत हाक दिली, “आजींसाठी फिकटमधल्या दाखव रे.” बदामी, राखी, मोतिया, एकावर एक घड्या पडू लागल्या. जिजी भुसाराच्या गादीवर तीस वर्षे बसलेली बाई. ती शांतपणे म्हणाली, “भाऊ, गिऱ्हाइकाने अजून मागितलं नाही. आधी विचारा.” मुलगा ओशाळला. त्याने विचारले, “कोणता रंग दाखवू?”

तिने रेशीम सोडलेले आहे. कोश उकळून काढलेला धागा नको, असा तिचा नियम आहे. पण सुतात काय कमी आहे? इरकल निघाल्या, नारायणपेठ निघाल्या. मोरपिशी अंग आणि नेहमीचा लाल-पांढरा पदर असलेली इरकल समोर आली, तेव्हा तिने ती दुकानाच्या दाराशी, उन्हात नेऊन पाहिली. दिव्याच्या उजेडात रंग पारखू नये, हे आमच्या वडिलांचे सांगणे. एक ती घेतली आणि दुसरी हळदी रंगाची, बारीक जांभळ्या काठाची. पैसे स्वतःच्या पाकिटातून मोजून दिले. घरी आल्यावर म्हणाली, “दोन घेतल्या, त्या बदल्यात गावाकडच्या दोन राखी द्यायच्या. लिहून ठेव.” मी तिच्यापुढे डायरी केली. “माझी मी लिहीन,” असे म्हणून तिने पेन घेतले.

कुरुंदवाडला ती मोरपिशी नेसून परतली. मला धाकधूक होती. आठ दिवसांनी तिचा फोन आला. मी विचारले, “कोणी काही बोललं का?” ती म्हणाली, “एक जाऊ बोलली. मी ऐकून घेतलं. शेजारणीने किंमत विचारली. सूनबाईने विचारलं, पुढच्या महिन्यात लग्नाला ही मी नेसू का?” “मग तू काय म्हणालीस?” “म्हटलं, नाही. लग्नाला ही मी नेसणार आहे.”

आपल्यापैकी अनेकांची कापडाची दुकाने आहेत, आणि ज्यांची नाहीत त्यांच्या घरात कपाटे तर आहेतच. म्हणून दोनच विनंत्या. वयस्क स्त्री दुकानात आली, तर तिच्या कपाळाकडे आणि केसांकडे पाहून रंग ठरवू नका, तिला विचारा. आणि घरात कधी दुःखाचा प्रसंग आला, कोणी तुमच्या हाती कागद-पेन देऊन यादी करायला सांगितली, तर पेन खाली ठेवा आणि जिच्या त्या साड्या आहेत तिच्याजवळ जाऊन बसा.

परवा पुन्हा सेक्टर चारच्या रस्त्याने गेलो. ती मोजेवाली मुलगी काही दिसली नाही. दिसली असती तर सांगितले असते, की बाळ, माझ्याकडेही आता एक जोड आहे. एक केशरी, एक निळा. पायजम्याखाली फारसे दिसत नाहीत, पण मला ठाऊक असते.